एकाच गेम स्टुडिओचा इतिहास खेळून समजून घ्यायचाय, कुठून सुरुवात करावी? (बजेट २०००)

रानजाई
नमस्कार मंडळी. भाचीने यंदा दहावीची परीक्षा दिली. मोठेपणी गेम बनवायचे हे तिने ठरवूनच टाकलंय. चित्रं छान काढते. वहीच्या कोपऱ्यात काढलेला माणूस पानं फरफर उलटली की पळतो, अशा तिच्या चार वह्या माझ्याकडे आहेत. माझ्या मनात असं आहे की सुट्टीत तिला एकच स्टुडिओ निवडून द्यावा. त्यांचा पहिला गेम, मग पुढचा, असं क्रमाने खेळत गेली की गेम कसे घडतात ते कळेल.
लॅपटॉप घरचा जुना आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळं मिळून बजेट २०००. वय १६. कन्सोल घेणार नाही, हे आधीच सांगते. जाणकारांनी सुचवावं.

एकशिंगी
ताई, थोडं बजेट वाढवा आणि सरळ पीएस ५ घ्या. मी मागच्या दिवाळीत घेतला, आजवर एकदाही पश्चात्ताप झाला नाही. त्यावर नॉटी डॉगचे गेम द्या. १९८४ साली अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन या दोन शाळकरी पोरांनी सुरू केलेली कंपनी. १९९६ ला क्रॅश बँडिकूट, २००१ ला सोनीने विकत घेतली, २००७ ला अनचार्टेड, २०१३ ला द लास्ट ऑफ अस. माझ्याकडे सगळे आहेत, डिस्कवर. इतिहास म्हणतात तो हा.

खडूफळा
कन्सोल नको असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. असो.
माझं उत्तर: आयडी सॉफ्टवेअर. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात तासाला बारा यंत्रं आणि चाळीस मुलं असायची. सर बाहेर गेले की प्रत्येक पडद्यावर डेव्ह हा गेम. तो लाल टोपीवाला, चषक उचलून दाराकडे पळणारा. आपल्याकडे ज्यांनी ९०च्या दशकात संगणक पाहिला त्यांतल्या किती जणांनी डेव्ह खेळला असेल! तो जॉन रोमेरोने १९८८ मध्ये केला होता. हाच रोमेरो पुढे जॉन कारमॅक, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक यांच्याबरोबर आयडीचा संस्थापक झाला. (दोघे कारमॅक भाऊ नाहीत, नुसतं आडनाव सारखं.)
चौघेही लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावात सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत नोकरीला होते. तेव्हा पीसीवर मारिओसारखा पडदा सलग सरकायचा नाही, अडखळायचा. सप्टेंबर १९९० मध्ये जॉन कारमॅकने त्यावर तोड काढली: पडदा सरकला की सगळं चित्र नव्याने काढायचं नाही, जेवढे चौकोन बदलले तेवढेच काढायचे. मग एका रात्रीत त्याने आणि हॉलने मारिओ ३ ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवली. मारिओच्या जागी कोण, तर आपला डेव्ह! फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. सकाळी त्याने ती लावली आणि ही नोकरी आता सुटणार हे त्याला तिथेच कळलं.
मारिओवाल्या निनटेंडोने तो पीसीवर काढायला नकार दिला, म्हणून त्याच युक्तीवर यांनी कमांडर कीन हा गेम केला. १९९१ च्या फेब्रुवारीत कंपनी स्थापन झाली, १९९२ ला वोल्फेनस्टाइन ३डी, १० डिसेंबर १९९३ ला डूम, १९९६ ला क्वेक. पाच-सहा वर्षांत एवढी मजल. हे सगळे तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालतील.

पेठेतला
रॉकस्टारचा जीटीए व्हाइस सिटी द्या. बाकी कशाला? आमच्या कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तासाला १५ रुपये देऊन मी अख्खा गेम संपवलाय, सगळ्या मिशन्ससकट. रिमोटच्या हेलिकॉप्टरवाली मिशन आमच्या गल्लीत पहिल्यांदा मी पार केली होती. रॉकस्टारचा नाद करायचा नाही.

रानजाई
पेठेतला, व्हाइस सिटी अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे ना? पोरगी सोळाची आहे. माझ्या बहिणीला मलाच तोंड द्यायचंय.

दूरदेशी
मी सध्या स्कॉटलंडमध्ये आहे, म्हणून राहवत नाही. व्हाइस सिटी नको असेल तरी तो करणाऱ्यांची सुरुवात मात्र तिला जरूर दाखवा, ती लहान मुलांनाही चालेल अशी आहे. हे लोक मूळ डंडीचे, कंपनीचं नाव डीएमए डिझाइन. डंडीत टाइमेक्सचा कारखाना होता, तिथे सिंक्लेअरचे झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक बनायचे. डेव्हिड जोन्स तिथे शिकाऊ होता. नोकरी गेल्यावर जे पैसे हातात आले त्यातून त्याने अमिगा संगणक घेतला आणि गेम करायला लागला.
१९८९ मध्ये कंपनीत वाद चालला होता की पडद्यावरचा माणूस किती लहान काढला तरी माणूस वाटेल. एकाने १६ बाय १६ ठिपक्यांत काढला होता. माइक डेलीने जेवणाच्या सुट्टीत ८ बाय ८ ठिपक्यांत चालणारी माणसांची रांग काढून दाखवली, वरून वजन पडून चिरडली जाणारी. बघणारे हसले आणि रसेल के म्हणाला, यात गेम आहे. तोच १९९१ चा लेमिंग्ज. ताई, तुमची भाची वहीच्या कोपऱ्यात जे करते ते हेच आहे.
इथे डंडीत पर्थ रोडला एका बागेच्या खांबांवर ब्राँझचे छोटे लेमिंग बसवलेत. मी मुलाला घेऊन मुद्दाम गेलो होतो. त्यातला एक खांब चढताना दाखवलाय.

एकशिंगी
रॉकस्टार अमेरिकन कंपनी आहे, न्यूयॉर्कची. स्कॉटलंडचा काय संबंध?

दूरदेशी
मुख्यालय न्यूयॉर्कला. पण पहिला जीटीए १९९७ मध्ये डंडीत डीएमएनेच केला. सुरुवातीला त्याचं नाव रेस अँड चेस होतं, चोर-पोलिसांचा गेम. पोलिसांच्या गाड्यांच्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली, त्या खेळणाऱ्याच्या अंगावरच यायला लागल्या. खेळून बघणाऱ्यांना नेमकं तेच आवडलं, म्हणून ते ठेवलं. २००२ मध्ये डीएमएचं रॉकस्टार नॉर्थ झालं, तोवर बस्तान एडिनबरोला हललं होतं. व्हाइस सिटी तिथला.

पेठेतला
म्हणजे शेवटी रॉकस्टारच. मी तेच म्हणत होतो.

मध्यरात्र
सीडी प्रोजेक्ट कुणीच कसं सुचवलं नाही? १९९४, वॉर्सा. मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की हे दोघे मित्र, सुरुवातीला परदेशी गेमच्या सीडी आणून विकायचे. पोलंडमध्ये तेव्हा पायरसीचा सुळसुळाट, विकतचा गेम कोण घेणार? १९९९ ला यांनी बाल्डर्स गेट पूर्ण पोलिश भाषेत आणला, नामांकित पोलिश नटांचे आवाज देऊन, आणि खोक्यात नकाशा वगैरे वस्तू भरल्या. चोरीच्या सीडीबरोबर ते मिळणार नव्हतं. तो धो धो खपला. मग २००७ ला पहिला विचर, तोही स्वतःच्या नव्हे, बायोवेअर या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम चालवणारा तयार प्रोग्रॅम). २०१५ ला विचर ३. मी विचर ३ साडेतीनशे तास खेळलोय, दोन्ही विस्तारांसह. पहिला विचर या लॅपटॉपवर चालेल, सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतो.

तिसरा_मजला
पहिला विचर सोळा वर्षांच्या मुलीला देऊ नका. त्यात जे चित्रांचे पत्ते गोळा करायचे असतात ते लहानांसाठी नाहीत. मला दोन मुली आहेत, म्हणून सांगतेय. विचर ३ या लॅपटॉपवर चालणार नाही, म्हणजे तुमच्या 'क्रमाने खेळायचं' या कल्पनेतला पुढचा टप्पाच गेला.

ओलीभेळ
माझा अनुभव सांगतो, त्यातून शिका. स्वस्तात मिळतं म्हणून मी एका भलत्याच साइटवरून गेमची की (गेम चालू करायचा कोड) घेतली. दोन आठवडे चालला, मग लायब्ररीतून गायब. पैसे गेले, तक्रारीला उत्तर नाही. अधिकृत दुकानातूनच घ्या, यादीत टाकून ठेवा आणि सेलची वाट बघा. जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर फाइल आपल्याकडे उतरवून ठेवता येते, पुन्हा इंटरनेटची गरज पडत नाही. जुन्या लॅपटॉपवर जुने गेम चालावेत म्हणून ते लोक आधीच डागडुजी करून देतात.

सायकलस्वार
आयडी सॉफ्टवेअर. डूम. +१. १९९३ चा गेम आहे, कुठल्याही लॅपटॉपवर चालतो.

खडूफळा
तेच लिहिलंय मी वर. त्यात एक भर घालतो, ती जास्त कामाची आहे. डूमचा पहिला भाग तेव्हाही फुकट वाटला होता आणि आजही फुकट मिळतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी तो चढवला, आवडला तर पुढचे भाग टपालाने मागवा असं धोरण. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जॉन कारमॅकने डूमचा सोर्स कोडही (गेमचा मूळ प्रोग्रॅम) खुला केला. त्यामुळे नुसतं खेळू नका, लेव्हल बनवायचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन तिला एक खोली बांधू दे. एक दार, एक खिडकी, एक राक्षस. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी शाळेचाच नकाशा बांधला होता, प्रयोगशाळेच्या दारामागे राक्षस ठेवून. त्या महिन्यात त्यांना जे समजलं ते मी वर्षभर शिकवून समजलं नसतं.

तिसरा_मजला
डूममध्येही रक्तच आहे की.

पुणेरी_पाऊस
आपल्या मातीतलं काही नकोच का कुणाला? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२०. धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, पहाडी शैलीची चित्रं, आणि मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली. चित्र काढणाऱ्या मुलीला याहून चांगलं काय द्याल? इतिहासच हवा तर बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह बघा. राजेश राव यांनी १९९७ मध्ये काढली, २०१९ मध्ये रॉकस्टारने घेतली. आणि युबिसॉफ्ट या परदेशी गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया, सँड्स ऑफ टाइम या जुन्या गेमचा नवा अवतार पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडेच दिला होता.

एकशिंगी
दिला होता आणि काढूनही घेतला. २०२० ला जाहीर झाला, २०२२ ला माँट्रियलला गेला.

पुणेरी_पाऊस
काम केलेल्या मुलांनी जीव ओतला होता. माझा मित्र या क्षेत्रात आहे. ट्रेलर बघून दोन मिनिटांत नावं ठेवणाऱ्यांना रात्री किती जागवल्या ते दिसत नाही.

मध्यरात्र
राजी छान आहे, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय अडखळेल. शिवाय एकच गेम झाला, क्रम कसला?

जुनी_वही
अवांतर: प्रिन्स ऑफ पर्शियाचा विषय निघालाच आहे म्हणून. स्टुडिओ-बिडिओ नव्हता तेव्हा. जॉर्डन मेक्नर एकटा, अॅपल २ संगणकावर, चार वर्षं. १९८९ ला ब्रोडरबंडने प्रकाशित केला. राजपुत्र इतका खऱ्यासारखा का पळतो? मेक्नरने शाळकरी धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग एकेक क्षण थांबवून फोटो, फोटोवरून काळी-पांढरी आकृती, ती संगणकात.
पुढे मेमरी संपली. टोमी पिअर्स ही सहकारी सारखी म्हणायची, याला शत्रू हवा. नवीन माणसाच्या चित्रांना जागाच नव्हती. शेवटी त्याने राजपुत्राचीच चित्रं घेतली, एक ठिपका सरकवून त्यांच्यावरच ठेवली आणि जिथे दोन्ही जुळले ते ठिपके काळे केले. झगमगती काळी सावली तयार झाली. तीच ती आरशातून उडी मारून बाहेर येणारी. तिला मारलं की आपल्याला लागतं. तलवार म्यान केली तरच दोघे एक होतात.
सोर्स कोड हरवला होता. २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरातल्या खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, त्यातून तो वाचवून सगळ्यांसाठी खुला केला. पण हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

सायकलस्वार
स्टुडिओ विचारलाय त्यांनी. डूम द्या.

एकशिंगी
पीएस ५ वर सेलमध्ये जुने गेमसुद्धा स्वस्त मिळतात, एवढंच सांगतो.

रानजाई
मंडळी, मनापासून आभार. धागा मी भाचीला पूर्ण वाचून दाखवला. डेव्हची फ्लॉपी आणि लेमिंगची आठ ठिपक्यांची रांग ऐकून खूश झाली. पण सावलीच्या परिच्छेदाला तिने मला थांबवलं आणि तो पुन्हा वाचायला लावला.
स्टुडिओ कुठलाच घेतला नाही. पैसे खर्च केले ते संगणकावर चित्र काढायच्या पेनवर आणि मोबाइल धरायच्या स्टँडवर, दोन्ही मिळून २००० च्या आत. काल संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्या धाकट्या भावाला त्याच्या आजोबांचा पांढरा सदरा घालून पळवलं. सदरा गुडघ्याखाली येत होता, म्हणून कमरेला ओढणी बांधली. अकरा वेळा पळाला, शेवटी आइस्क्रीम द्यावं लागलं.
रात्री दोन वाजेपर्यंत बसून तिने चौदा चित्रं गिरवली. सातव्या चित्रात त्याचे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत. "मावशी, मी वहीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला काढायचे," म्हणाली.

दूरदेशी
ते चौदा तुकडे जोडून इथे टाका.

खडूफळा
छान. पेन कुठलं घेतलं? माझ्या वर्गातल्या एका मुलीला हवंय. आणि डूमचा फुकट भाग तेवढा लॅपटॉपवर असू द्या.