लोटे रायनिगरचं नाव आपल्याला कुणी का शिकवत नाही?

कातरकाम:
मुलीच्या शाळेतल्या प्रश्नमंजूषेत ‘जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट’ म्हणून १९३७ चा डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ बरोबर धरला. बर्लिनच्या लोटे रायनिगरचा ‘प्रिन्स आख्मेद’ त्याच्या अकरा वर्षं आधी, १९२६ साली आला! पॉट्सडॅमला एका बँकरच्या गॅरेजच्या माळ्यावर विशीतल्या या मुलीने तीन वर्षं खपून तो केला. पुठ्ठ्याच्या नि शिशाच्या पातळ पत्र्याच्या बाहुल्या, सांध्यांना तार, काचेखाली दिवा, वर कॅमेरा. बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, एक फ्रेम घ्यायची, परत सरकवायचा. अशी पासष्ट मिनिटं.

जुनी रीळ:
‘पहिला’ तोही नाही. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानीने १९१७ मध्येच ‘एल आपोस्तोल’ केला होता, तोही पुठ्ठ्याच्या आकृत्यांचाच. आगीत गेला बिचारा. शिवाय ‘स्नो व्हाइट’ रंगीत, बोलता, हाताने रंगवलेला. दोन्हींची जातच वेगळी, तुलना कशाला?

कातरकाम:
क्रिस्तियानीचं मान्य. वाक्य सुधारते: आज बघायला मिळतो त्यातला सगळ्यात जुना. पण काचांचे थर एकावर एक ठेवून दृश्याला खोली आणायची युक्ती लोटेच्या टेबलावर तेव्हाच होती. तीच युक्ती वापरणाऱ्या डिस्नेच्या मल्टिप्लेन कॅमेऱ्याचं कौतुक मात्र सगळ्यांना पाठ.

पावसाळी:
मला वाटतं, घोडं कात्रीपाशी अडलंय. पेन्सिलीने काढलं की चित्रकार, कात्रीने कापलं की हस्तकला. १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका मुलीला डिस्ने स्टुडिओने कळवलं होतं: सर्जनशील काम तरुण पुरुष करतात, मुलींनी शाई नि रंग भरायचे. वाचून अजून राग येतो.

जुनी रीळ:
पत्र वाईटच, वाद नाही. पण लोटेही एकटी नव्हती. कॅमेऱ्यावर नवरा कार्ल कोख, मदतीला रुटमान, बार्टोश. त्यांचंही नाव घ्या की.

कातरकाम:
घेऊ ना, जरूर घेऊ. पण बाहुल्या तिने कापल्या. कात्री जागच्या जागी धरून ती कागद फिरवायची. काल मुलीबरोबर तसा घोडा कापायला बसले. गुडघ्याचा सांधा तीनदा फाटला. शेवटी मोबाइलवर एकेक फोटो काढत त्याला चार पावलं चालवलं, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. आज बाईंना चिठ्ठी दिली आहे, क्रिस्तियानीच्या नावासकट.