युरिया टाकला तिथं सोयाबीनला गाठी कमी का?

काळंरान (ता. औसा): दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणारं जिवाणू खत) गुळाच्या पाण्यातून चोळून, सावलीत वाळवून पेरलं. वीस दिवसांनी रान पिवळसर दिसलं म्हणून बांधाकडच्या पट्ट्यात युरिया फेकला. आज चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडचं एकेक झाड मातीसकट काढून बादलीत धुतलं. बिनयुरियाच्या झाडाला २७ गाठी, नखानं फोडल्यावर आत लालसर. युरियाच्या झाडाला फक्त ६, मोहरीएवढ्या, आतून पांढऱ्या. युरियानं जिवाणू मेले का?

मुळाक्षर: दादा, मेले नाहीत. झाडानंच हात आखडता घेतला. माझं एम.एस्सी.चं काम यावरच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाठीतला जिवाणू नत्र देतो, पण त्याला पोसायला झाड पानातली साखर खर्च करतं. म्हणून झाड गाठींवर नजर ठेवतं. गाठी धरायला लागल्या की मुळातून प्रथिनाचा एक छोटा तुकडा वर पानात जातो. तिथं एनएआरके या जनुकानं घडवलेला पहारेकरी तो ओळखतो आणि 'आता पुरे' हा निरोप खाली मुळाला येतो. जमिनीत नायट्रेट (मुळांना थेट घेता येणारं नत्र) वाढलं तरी हाच ब्रेक लागतो, फक्त तो मुळातल्या मुळात. युरियाचं जमिनीत शेवटी नायट्रेटच होतं.

हे जनुक २००३ मध्ये सापडलं. त्याआधी १९८५ साली ऑस्ट्रेलियात ब्रॅग वाणातून असं झाड मिळालं होतं, जे नायट्रेट असूनही गाठी धरतच राहायचं; त्यात हेच जनुक बिघडलेलं होतं. त्याचा शेंडा साध्या सोयाबीनच्या मुळावर कलम केला, तर त्या साध्या मुळालाही गाठीच गाठी! कारभार पानातून चालतो हे तिथं कळलं. मला आजही हा प्रयोग फार देखणा वाटतो.

काळंरान: ताई, मग तसलंच बियाणं आम्हाला का देत नाहीत?

मुळाक्षर: साखर गाठीच खातात, दादा. मुळं तोकडी राहतात, झाड खुरटतं, उतारा बहुतेक वेळा घटतो.

बांधावरून: भाऊ, पिवळेपणा शेंड्याला होता का? पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. आपल्या चुनखडीच्या रानात नेहमीचंच. त्याला युरिया चालत नाही, फेरस सल्फेट फवारावं लागतं.

काळंरान: शिरा हिरव्याच होत्या. उरलेल्या पट्ट्यासाठी आणलेलं पोतं आता उघडत नाही. फुलोऱ्यात परत दोन्हीकडची झाडं काढून मोजतो, इथंच लिहितो.