धावणं की गारठ्यातलं पोहणं? तुमचे अनुभव लिहा

डब्लिनला येऊन चार वर्षं झाली. दर शनिवारी साडेनऊला पार्करन, म्हणजे बागेत सगळ्यांबरोबर धावायचे फुकटातले पाच किलोमीटर, एवढाच काय तो माझा छंद. आता डावा गुडघा कुरकुरतोय. शेजारच्या आयरिश आजी ‘फॉर्टी फूट’ नावाच्या पोहायच्या जागी समुद्रात उतरायला बोलावतायत. जानेवारीत पाणी ८-९ अंश! दोन्ही करणाऱ्यांनी, सोडून दिलेल्यांनी, नुसता पाय बुडवून पळून आलेल्यांनीही लिहा.

गारठलेली, लंडन
हॅम्पस्टेडच्या तळ्यावर मी सप्टेंबरपासून जात होते, म्हणून जरा शेफारलेच होते. डिसेंबरात फळ्यावर ५ अंश. शिडीवरून उतरले आणि श्वास आत अडकला, ‘आई गं’सुद्धा पुरतं बाहेर पडेना. अशा वेळी हात मारायची घाई करायची नाही. शिडी धरून, श्वास लांब सोडत मिनिटभर थांबायचं.

बाहेर आल्यावर मात्र झकास वाटतं, आणि तिथेच फसगत होते. मी ओल्या कपड्यांत फोटो काढत बसले. हातापायांतलं गार रक्त आत फिरायला लागलं की अंग बाहेर आल्यावरही आणखी थंड होत जातं. दहा मिनिटांत अशी हुडहुडी भरली, की थर्मासचं झाकण फिरेना. एका अनोळखी बाईने माझे पाय मोज्यांत घालून दिले, बालवाडीतल्या पोराला घालतात तसे. तरी पुढच्या रविवारी गेलेच.

घाटकरी, सातारा
तुमचे अंश-बिंश वाचून मजा वाटली. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली माणसं आम्ही. पौषात पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, वाफा निघतात. काकडायला होतं ते वर आल्यावर. पण आता विहिरींना जाळ्या बसल्या, म्हणून यवतेश्वरचा घाट पळतो. चढाला गुडघा बोलत नाही. उतारावर बोलतो, तिथे मी सरळ चालतो. लाज कसली?

एक गोळीवाला
बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थंड पाण्यात शिरताच ते एकदम चढतं. मला नाहीच म्हणाले. चालतो.

धागाकर्ती
गेले आजींबरोबर. चार मिनिटं! आजींनी तेवढ्यात मला त्यांच्या सुनेबद्दल सगळं सांगून टाकलं. थर्मासचं झाकण आधीच सैल करून ठेवलं होतं, गारठलेलीचे आभार. शनिवारी पार्करनला सध्या धावत नाही, स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट घालून वळणावर उभी राहते आणि टाळ्या वाजवते.