अलगॉन्क्विनला सहा जणांचं कॅम्पिंग: साइट, थंडी आणि जेवण

नवशिकी
ऑगस्टच्या मध्यावर टोरांटोहून अलगॉन्क्विनला (ओंटारिओतलं मोठं जंगल-पार्क) तीन रात्री जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, मुलं (६ आणि ९ वर्षं) आणि सासू-सासरे. गाडी उभी करून तिथेच तंबू, तळ्याकाठी बसणं, जमेल तेवढं चालणं, एवढंच. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. कुठलं कॅम्पग्राउंड बरं? थंडी किती? तंबू सहा जणांचा घेतलाय.

कॅनूवाला
हायवे ६०चा पट्टा सोडू नका. पार्कातून जाणारा हा ५६ किलोमीटरचा रस्ता आहे आणि ठिकाणं पश्चिम गेटपासूनच्या किलोमीटरनेच ओळखतात. तुमच्यासाठी लेक ऑफ टू रिव्हर्स: वाळूचा किनारा, आंघोळीची सोय, दुकान जवळ. तिथे नाही मिळालं तर शेजारचं म्यू लेक. म्यू लेकला विजेच्या हीटरचे यर्ट (पक्के गोल तंबू) आहेत, ज्येष्ठांसाठी उत्तम, पण लगेच भरतात.

बुकिंग पाच महिने आधी सकाळी सातला उघडतं. म्हणजे १५ ऑगस्टला पोहोचायचं तर १५ मार्चला सातच्या आधी लॉगिन करून बसा, चार-पाच साइट (तंबूच्या जागा) नंबर आधीच निवडून. टॉयलेट दोन-तीन साइट सोडून असावं. अगदी शेजारी असलं तर रात्रभर लोकांची ये-जा, लांब असलं तर आजोबांचे हाल.

तंबूवरचा सहाचा आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून सहा. त्यात तुम्ही चौघं झोपा. आजी-आजोबांना उभं राहता येईल असा वेगळा तंबू आणि घडीच्या खाटा घ्या; जमिनीवरून उठणं गुडघ्यांना फार जड जातं. ऑगस्टमध्येही रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, आणि थंडी खालून लागते. फुगवायच्या साध्या गादीत हवा आत फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीकडे नेते. म्हणून गादीवर, आणि खाटेवरही, फोमची चटई घाला, मग स्लीपिंग बॅग. नुसती पांघरुणं वाढवून उपयोग नाही.

भाजणी
गॅसचं गणित: दोन बर्नरची शेगडी पूर्ण आचेवर ठेवली तर ४६५ ग्रॅमचा प्रोपेनचा सिलिंडर साधारण तासाभरात संपतो. सहा जणांना दिवसाला एक धरा, वर एक जास्तीचा. ब्यूटेनचे डबे नकोत, गारठ्यात त्यांचा दाब पडतो. पाच लिटरचा कुकर न्याच, निम्मा गॅस वाचतो. शेगडीला वाऱ्याच्या बाजूने आडोसा हवा.

खिचडी घरूनच पिशवीत भरा: दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, हळद, हिंग, जिरं, मीठ. तिथे फक्त सात वाट्या पाणी आणि तूप. सकाळी पोहे किंवा थालीपीठ. भाजणी टिकते, बर्फाची पेटी लागत नाही. वाणसामान वाटेतल्या हंट्सविल गावात घ्या, पुढे मोठं दुकान नाही. पाण्याच्या नळाखाली भांडी घासू नका.

कॅनूवाला
जेवणाचं निघालंच आहे तर अस्वलाचं सांगतो, कारण इथे कंटाळा चालत नाही. जेवण झालं की खाणं, कूलर, शेगडी, न घासलेली भांडी, कचरा, टूथपेस्ट, मुलांचं क्रीम, सगळं गाडीत, काचा बंद. फोडणीचा वास लागलेले कपडेसुद्धा. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. एका घराच्या निष्काळजीपणाने चटावलेलं अस्वल पुढच्या सगळ्यांकडे येतं, आणि शेवटी जीव त्याचाच जातो.

सरपण घरून आणू नका, पार्कातच विकत घ्या. लाकडातून ॲश झाडं मारणारी कीड प्रवास करते. निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. वर हात धरल्यावर ऊब लागली नाही की झालं.

नवशिकी
खूप मदत झाली. डास? आणि पाऊस आला तर?

भाजणी
काळ्या माश्यांचा जोर मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. ऑगस्टच्या मध्यावर डासही बरेच कमी झालेले असतात, संध्याकाळी तळ्याकाठी मात्र चावतात. मुलांना २० टक्के इकॅरिडिनचं डास पळवणारं औषध चालतं. लांब बाह्यांचे फिकट कपडे.

पावसात तंबू गळण्यापेक्षा खालून भिजतो. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावली की तीच पाणी गोळा करून तळाशी नेते. चारही बाजूंनी बोटभर आत दुमडा. जमीन खडकाळ असते, सोबतचे बारीक खुंटे वाकतात. १० इंची लोखंडी खुंटे आणि हातोडी घ्या. टेबलावर वेगळी ताडपत्री, एक कोपरा खाली ओढून, म्हणजे पाणी एका बाजूने वाहील.

आजोबांसाठी किलोमीटर ४२.५ची स्प्रूस बॉगची वाट, दीड किलोमीटर, बरीचशी फळ्यांवरून. व्हिजिटर सेंटर तिथून जवळच. लुकआउट ट्रेलचा चढ मात्र त्यांच्यासाठी नको. आणि पोहोचायचं उजेडात: अंधारात मूस (घोड्याएवढी मोठी हरणं) रस्त्यावर येतात आणि त्यांचा गडद रंग दिव्यांत उशिरा दिसतो.