लाइटरूमचे प्रीसेट आणि एडिट नव्या लॅपटॉपवर कसे आणायचे? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा अर्जंट आहे. मी कराडला लग्नाचे फोटो काढतो, गेली सात वर्षं सगळं काम लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगलीये, टचपॅड एका बाजूने वर उचललाय, त्यात तो विंडोज १० वाला आणि ११ त्याच्यावर चढत नाही, म्हणून शेवटी नवा घेतला. फोटो सगळे २ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, मला वाटलं डिस्क इकडनं काढायची तिकडं लावायची, झालं.

नव्यावर लाइटरूम टाकलं, त्याच अकाउंटने लॉगिन केलं, फोटो इम्पोर्ट केले तर सगळे रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ फाइली) कॅमेऱ्यातून निघाले तसेच्या तसे, फिक्के. क्रॉप नाही, स्टार दिलेले नाहीत, 'अल्बमसाठी', 'घरच्यांना प्रिंट' अशी कलेक्शन्स केलेली ती नाहीत. प्रीसेटच्या (एकदा बसवून सेव्ह केलेल्या एडिट सेटिंग्जच्या) यादीत लाइटरूमचे स्वतःचेच सगळे, माझा एकही नाही.

त्यातला हळदीचा प्रीसेट गेला तर मी काय करू कळत नाहीये. हळदीला मांडव पिवळा, कपडे पिवळे, अंगाला हळद, तो सगळा पिवळा उजेड नवरीच्या चेहऱ्यावर येतो आणि हनुवटीखाली तर कावीळ झाल्यासारखं दिसतं. पिवळ्याचं सॅच्युरेशन किती उतरवायचं, केशरीचं ल्युमिनन्स (उजळपणा) किती चढवायचं म्हणजे हळद हळदच दिसेल पण कातडीचा रंग खरा राहील, हे बसवायला मला दोन सीझन लागलेत. आकडे कुठंही लिहून ठेवलेले नाहीत. तुळशीचं लग्न झालं की माझ्या तारखा सुरू होतात.

जुना लॅपटॉप अजून चालू होतो. अजून एक, डिस्क जुन्यावर ई दिसायची, नव्यावर डी दिसते, त्याने काही फरक पडतो का? कुणी हे केलं असेल तर नेमकं कुठलं फोल्डर उचलायचं तेवढं सांगा.

प्रतिसाद:
दादा, काही गेलेलं नाही, पण आधी त्या बॅटरीचं बघा. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावून रात्रभर कॉपी करत बसू नका. रिपेअरवाल्याकडून काढून घ्या, बरेच लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर चालतात.

आता मुद्दा. लाइटरूम तुमच्या फोटोला हात लावत नाही, तुम्ही केलेलं सगळं काम कॅटलॉगमध्ये लिहून ठेवतं आणि फोटोचा फक्त पत्ता ठेवतं. तो कॅटलॉग जुन्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर राहिला, म्हणून इकडे सगळं कोरं. जुन्यावर एडिट मेनूत कॅटलॉग सेटिंग्ज उघडा, पहिल्याच टॅबवर जागा दिसेल आणि शेजारी शो बटण. मग लाइटरूम बंद करा, उघडं असताना कॉपी करू नका. त्या फोल्डरमधली डॉट एलआरकॅट फाइल आणि त्याच नावाची एलआरकॅट-डेटा असेल तर तीही घ्या, मास्क वगैरे त्यात असतं. प्रीव्ह्यूचं फोल्डर खूप मोठं असेल तर सोडलं तरी चालतं, ते परत तयार होतं, वेळ लागतो एवढंच.

प्रीसेट कॅटलॉगमध्ये नसतात आणि क्लासिकमधले लॉगिन केल्यावर आपोआप येतही नाहीत. प्रेफरन्सेसमध्ये प्रीसेट्स टॅबवर दोन बटणं आहेत, एक डेव्हलप प्रीसेटचं, दुसरं बाकीच्या सगळ्यांचं, वॉटरमार्क आणि एक्स्पोर्टचे प्रीसेट त्या दुसऱ्यात. दोन्ही दाबून जी फोल्डरं उघडतील ती उचला. ती अॅपडेटामध्ये असतात आणि अॅपडेटा लपवलेलं असतं, म्हणून नुसतं शोधून सापडत नाही. नव्यावर तीच बटणं दाबून त्याच जागी टाका आणि लाइटरूम बंद करून परत सुरू करा.

डिस्कच्या अक्षराने फरक पडतो. कॅटलॉगला ई माहिती आहे. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, तिथे डिस्कचं अक्षर बदलून ई करा. हे कॅटलॉग उघडायच्या आधी.

दुसरा प्रतिसाद:
वरचं बरोबर आहे. मी एकदा सगळे फोटो सिलेक्ट करून कंट्रोल एसने एक्सएमपी फाइली (फोटोशेजारी एडिट लिहून ठेवणाऱ्या छोट्या फाइली) काढल्या आणि तेवढ्यावर हललो, एडिट आणि स्टार आले पण कलेक्शन्स आणि व्हर्च्युअल कॉपी गेल्या त्या गेल्याच. एकाच फोटोच्या रंगीत आणि ब्लॅक अँड व्हाइट अशा कॉपी ठेवायची सवय असेल तर कॅटलॉगच न्या. आणि नव्यावर तुम्ही जो इम्पोर्ट केलात तो कॅटलॉग बाजूला ठेवा, दोन्ही एकत्र करत बसू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. बॅटरी काल काढून घेतली, अडॅप्टरवर चालला. कॅटलॉग ३ जीबीचा निघाला, प्रीव्ह्यूचं फोल्डर ४० जीबीच्या वर होतं ते सोडलं. ई पेनड्राइव्हने धरून ठेवलं होतं, ते आधी काढावं लागलं. मग कॅटलॉगवर डबल क्लिक केलं आणि सगळी लग्नं कलेक्शनसकट आली. हळदीचा प्रीसेट लावून बघितला, मलकापूरच्या एका लग्नातली नवरी बरोबर तशीच दिसली जशी अल्बममध्ये दिली होती. मी तो फोटो किती वेळ बघत बसलो.

फक्त एका फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतंय, भाचीच्या बारशाचं. मी ते फोल्डर सगळ्या डिस्कवर शोधलं, नाही.

प्रतिसाद:
ते जुन्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर पिक्चर्समध्ये असणार, बाहेरच्या डिस्कवर कधी गेलंच नसेल. बघा तिथे, डिस्कवर आणा, मग प्रश्नचिन्हाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून फाइंड मिसिंग फोल्डर. जुना लॅपटॉप फॉरमॅट करायची घाई करू नका.

धागाकर्ता:
तिथंच होतं. १८६ फोटो. उद्या उठल्या उठल्या डिस्कवर घेतो आणि कॅटलॉगची एक कॉपी मेव्हण्याकडे ठेवून येतो.