‘नेम्ड टपल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : दादरला संध्याकाळच्या वर्गात आम्ही पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवतो. जुन्या टिपणांत कोणीतरी ‘नामांकित टपल’ असे लिहून ठेवले आहे आणि ते मला खटकते. ‘टपल’ (क्रमाने ठेवलेल्या मूल्यांचा गट) तसाच ठेवायला माझी हरकत नाही. ‘नेम्ड’साठी मात्र नेमका शब्द जाणकारांनी सुचवावा.

उत्तर : आपले खटकणे रास्त आहे. ‘नामांकित’ची फोड ‘नावाने अंकित’ अशी होत असली, तरी मराठीत नामांकित असतात ती महाविद्यालये, वकील आणि डॉक्टर. त्यामुळे बाकीचे टपल कमी प्रतिष्ठेचे असावेत, असा विद्यार्थ्याचा समज व्हायचा. ‘नामधारी’ तर त्याहून वाईट, कारण नामधारी अध्यक्षाकडे नाव असते आणि अधिकार नसतो.

शब्द ठरवण्यापूर्वी नाव नेमके कशाला मिळते, हे पाहावे. बोरीबंदरहून सुटलेल्या पहिल्या आगगाडीची नोंद ‘फेरी’ नावाच्या साध्या टपलात करायची, तर ‘बोरीबंदर, ठाणे, ३४, १८५३’ अशी चार मूल्ये ओळीने लिहिली जातात, आणि मोजणी शून्यापासून होत असल्याने किलोमीटर हवे असतील तेव्हा ‘फेरी[२]’ असे लिहावे लागते. पुढे तोच प्रोग्राम उघडणाऱ्याला त्या दोनचा अर्थ लागेलच असे नाही. त्याऐवजी ‘कलेक्शन्स’ मोड्यूलमधल्या ‘नेम्डटपल’ला आरंभ, शेवट, अंतर आणि वर्ष असे रकाने आधी सांगून ठेवले, की ‘फेरी.अंतर’ एवढ्यावर काम भागते. (पायथन ३ मध्ये ही नावे देवनागरीत चालतात, हे मुलांना आवर्जून दाखवावे.) अशा टपलाच्या प्रकारालाही एक नाव द्यावे लागते खरे, पण ते पायथनमधल्या कोणत्याही क्लासला, म्हणजे मूल्यांच्या प्रकाराला, असतेच. इथले वैशिष्ट्य रकान्यांच्या नावांत आहे.

मात्र नावे आली म्हणून क्रम जात नाही. ‘फेरी[२]’ पूर्वीसारखेच चालते, एकदा भरलेले मूल्य जागच्या जागी बदलता येत नाही, आणि ‘रिप्लेस’ केले तर जुना टपल तसाच राहून नवा हाती येतो. तुलनेच्या वेळी तर पायथन नावांकडे बघतही नाही : एका टपलात रुंदी-उंची आणि दुसऱ्यात अक्षांश-रेखांश असले, तरी आकडे त्याच क्रमाने तेच असल्यास दोन्ही समान ठरतात. म्हणूनच कोणी नुसते ‘नोंद’ सुचवले, तर ते मी मान्य करणार नाही. तो शब्द २०१८ साली पायथनच्या ३.७ या आवृत्तीत आलेल्या डेटाक्लाससाठी (तोही नाव दिलेल्या रकान्यांचाच) राखून ठेवावा, कारण तिथे मूल्ये एरवी बदलता येतात आणि क्रमांकाने मागता येत नाहीत.

माझी सूचना ‘सनाम टपल’ अशी आहे. जोडीला ‘अनाम’ आधीपासून रुळलेला असल्याने अर्थ समजावत बसावे लागणार नाही.

प्रश्नकर्ता : ‘सनाम’ लिहिताना उत्तम आहे, परंतु मागच्या बाकावर तो ‘सन्मान’ असा ऐकू जाईल, अशी शंका येते.

उत्तर : मग टिपणांत ‘सनाम टपल’ छापावे आणि फळ्यासमोर ‘नावांच्या रकान्यांचा टपल’ म्हणावे. लांबलचक आहे, पण त्यात नाव कोणाचे, हे तरी स्पष्ट कळते.