कोडी घालून मुलांना गणितावर बोलतं कसं करायचं?

पाटीपेन्सिल: तिसरी-चौथीतली सहा मुलं आहेत. कोडं घातलं की एकजण उत्तर सांगून मोकळा होतो, बाकीचे माना डोलावतात. 'कसं काढलंस?' विचारलं तर 'असंच'. सगळ्यांना तोंड उघडावं लागेल अशी कोडी कुठली?

वजाबाकी: एकच उत्तर असलं की हे होणारच. 'यातला वेगळा कोण?' घेऊन बघा: 2, 9, 15, 27. 2 एकटाच सम, 15 लाच 5 ने भाग जातो, 27 एकटाच 20 च्या वर. 9 साठी कुणी 'तीन त्रिक नऊ, तोच आकडा दोनदा' म्हणालं तरी पुरे, वर्गसंख्या हा शब्द मागाहून द्या. कुणालाही वेगळं ठरवता येतं, म्हणून कारण सांगितल्याशिवाय सुटका नाही. स्वतः संख्या निवडताना प्रत्येकीसाठी एक तरी कारण आधी शोधून ठेवा. 2, 4, 6, 9 दिलंत तर सगळी 9 कडे बोट दाखवतील आणि विषय संपेल. पहिलं मिनिट कुणीच बोलायचं नाही, हा नियम मात्र कडक पाळा.

तिरकी_रेघ: वरच्याला +1. पण खरी वादावादी हवी असेल तर फरशा बसवायला द्या. 4×4 चौकटीचे तिरके समोरासमोरचे (कर्णाच्या दोन टोकांचे) दोन कोपरे कापा, उरतात 14 घरं. दोन घरं झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या 7 पट्ट्या द्या. सगळी घरं झाकायची. घर 3 सेंमीचं असेल तर पट्टी 6×3 पेक्षा जराशी लहान कापा, नाहीतर पट्ट्या अडकतात आणि मुलं पुठ्ठ्यालाच दोष देतात. दोघांत एकच संच द्या. वेगवेगळे दिले की जो तो आपल्यापुरता बसवत राहतो.

हे जमत नाही, जमणारही नाही. 'आम्हाला जमलं नाही' आणि 'कुणालाच जमणार नाही' यातला फरक मुलांनी एकमेकांना पटवायचा, गणित तिथेच आहे. चौकट आधी कोरी द्या. सहा पट्ट्या बसल्या की शेवटी कुठली दोन घरं उरतात ते दर वेळी खुणा करून ठेवायला सांगा. मग बुद्धिबळाच्या पटासारखी रंगवा: एका रंगाची 8, दुसऱ्याची 6. पट्टी नेहमी दोन्ही रंगांचं एकेक घर झाकते, म्हणून उरलेली दोन्ही एकाच रंगाची. आधीच रंगवून दिलीत तर शोधायला काही उरत नाही.

पाटीपेन्सिल: आणि अडलीच तर? सांगून टाकायचं का?

तिरकी_रेघ: नाही, चौकट लहान करा. 2×2 चे समोरचे कोपरे काढले की उरलेली दोन घरं फक्त टोकाला टेकतात, पट्टी बसतच नाही हे डोळ्यांना दिसतं. 3×3 मात्र टाळा. तिथे 7 घरं उरतात, विषम म्हणून कोडं लगेच निकालात निघतं आणि रंगांपर्यंत कुणी जातच नाही.

वजाबाकी: आणि 'बरोबर' हा शब्द गिळा. तो ऐकला की बाकीचे विचार थांबवतात. 'तिचं म्हणणं तू तुझ्या शब्दांत सांग बरं' असं शेजारच्याला म्हणा.